थ्री-नॉट-थ्री ते एके-२०३ : पायदळाच्या रायफलीची पार्श्वभूमी

मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे फौजेत नवी रायफल आली, की खानापूर-निपाणीकडच्या गावांत पेन्शनर मंडळी पारावर त्यावर बोलतातच. सध्या बोलणे चालते ते एके-२०३ या मूळ रशियन बनावटीच्या नव्या रायफलीबद्दल.

१९६२ साली चीनसमोर आपले बहुतेक जवान थ्री-नॉट-थ्री ही इंग्रजांच्या काळातली रायफल घेऊन उभे होते. दर गोळीमागे बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, हाताने ओढायचा आणि पुन्हा नेम धरायचा. त्या पराभवानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची ७.६२ एसएलआर आली, पुढची गोळी आपोआप भरणारी. वजनाने भारी, पण भरवशाची. आमचे काका तिच्याविषयी आजही घरच्या बैलाविषयी बोलावे तसे बोलतात.

पुढे पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने इन्सास ही रायफल घडवली. कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, ५.५६ मिलिमीटर, गोळी हलकी, म्हणून जवानाला जास्त काडतुसे नेता येतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती पलटणींत पोहोचते न पोहोचते तोच १९९९ चे कारगिल आले. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकचे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, तडकते, अशा तक्रारी आल्या. नंतर सुधारणा झाल्या, पण मनात बसलेली शंका निघाली नाही. लढाईत मॅगझिनचे मोल काय, हे मराठा पलटणीला सांगायला नको. १९४४ साली इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना मॅगझिन बदलायलाही उसंत नव्हती. त्यांनी टॉमी गन नळीकडून धरून उरलेल्या दोन शत्रूंना लोळवले आणि तिथेच प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इन्सासला पर्याय शोधण्यात फार वर्षे गेली, आणि त्याची खंत वाटते. गरज मांडायची, निकष ठरवायचे, वाळवंटात आणि बर्फात चाचण्या घ्यायच्या, मग करार करायचा, अशी ही वाट. नळी बदलून दोन कॅलिबरची गोळी झाडता येईल अशा रायफलीसाठी २०११ मध्ये निविदा निघाली, ती २०१५ मध्ये रद्द झाली. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाशी सहा लाखांहून अधिक एके-२०३ चा करार झाला. त्या अमेठीजवळच्या कोरव्यात बनतात.

करार झाला तरी खरे काम पुढेच असते. कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठीतून, रायफल हातात आली, की शिकवणाऱ्या उस्तादासमोर ‘खोलना-जोडना’, म्हणजे ती सुटी करून पुन्हा जोडणे, डोळे मिटून जमेपर्यंत. गोळी भरण्यासाठी ओढायचे कॉकिंग हँडल एसएलआरचे डावीकडे, सिगचे मागे, एकेचे उजवीकडे. बोटांना लागलेली सवय मोडायला वेळ लागतो, आणि अग्निवीराची नोकरी चारच वर्षांची. त्यातला प्रशिक्षणाचा एकही तास कापू नये, असे मला फार वाटते.

परवा काकांनी हातातली काठी रायफलीसारखी धरून दाखवली. सेवानिवृत्तीला तीस वर्षे झाली, तरी हँडल ओढायला त्यांचा डावा हात आपसूक पुढे गेला. शेजारी सुट्टीवर आलेला पुतण्या होता. त्याने तीच काठी घेतली, त्याचा हात उजवीकडे गेला.