माआई चुकली की देआई?

शोमेन-उची इक्क्यो हा आयकिदो या जपानी युद्धकलेत अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा प्रकार. उके, म्हणजे हल्ला करणारा, हाताची तलवार करून डोक्यावर सरळ वार करतो. नागेने, म्हणजे त्याला तोंड देणाऱ्याने, पुढे शिरून, तो हात वर चढत असतानाच मनगट आणि कोपर ताब्यात घ्यायचे. नवशिक्याचे हमखास काय होते? हातावर हात आपटतो, दोघे तिथेच अडकतात आणि कडेला बसलेले कुणीतरी म्हणते, "माआई चुकली," म्हणजे दोघांमधले अंतर. बिचारा एक पाऊल मागे सरकून उभा राहतो. पुढच्या वाराला पुन्हा तीच आपटाआपटी.

बहुतेक वेळा त्याची माआई ठीक असते. चुकलेली असते ती देआई, म्हणजे वेळ.

माआईला मराठीत जवळचा शब्द आहे टप्पा. 'टप्प्यात आला' म्हणतो त्यातला. देआई म्हणजे गाठ पडणे, तीही नेमक्या क्षणी. दोन्हींच्या शेवटी 'आई' ऐकून मराठी माणसाला गंमत वाटते, पण जपानी लिपीत ही सहसा दोन वेगळी चिन्हे असतात. माआईतले चिन्ह जुळण्याचे, खुद्द 'आयकिदो' या नावातलेच. देआईतले सहसा भेटण्याचे, आणि 'दे' म्हणजे बाहेर निघणे. (आजच्या जपानीत देआई हा शब्द जोडीदार शोधण्याच्या संकेतस्थळांना चिकटला आहे. इंटरनेटवर शोधताना जपून.)

घोळ होतो तो 'मा'मुळे. हा शब्द जपानीत निव्वळ जागेचा नाही. संगीतातल्या आणि नाटकातल्या विरामालाही तोच शब्द. म्हणजे माआईत थोडा काळ मुरलेलाच असतो, आणि म्हणून तिला फूटपट्टी लावता येत नाही. केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, एक माप सांगतात: एक पाऊल पुढे टाकले तर वार लागतो, एक मागे घेतले तर चुकतो. आयकिदोत मोकळ्या हातांनीही साधारण हेच धरायचे. समोरच्याला पाऊल न उचलता तुमच्यापर्यंत पोचता येत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. आता समोरचा हातभर उंच असेल तर? दोघांमधले अंतर एकच, पण तुम्ही त्याच्या टप्प्यात आणि तो तुमच्या टप्प्याबाहेर. त्याच्या हातात साधारण १२८ सेंटिमीटरची 'जो' नावाची काठी आली की हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून मोकळ्या हातांनी वर्षभर न उमगलेली माआई काठी हातात घेतल्यावर आठवड्यात कळते, असा माझा तरी अनुभव.

देआईला लांबी नसतेच. उकेचा वार निघाला आहे, आता त्याला तो मागे घेता येत नाही, पण जोर अजून हातात उतरलेला नाही, एवढीच ती फट. त्याआधी हललात तर तो वाराची दिशा बदलतो. नंतर हललात तर खाली येणाऱ्या हातात त्याचे सगळे वजन असते आणि तुम्ही ते मनगटावर झेलता. सुरुवातीची आपटाआपटी हीच. मागे सरकून ती सुटत नाही, उलट मधले अंतर कापायला आणखी वेळ लागतो आणि उशीर वाढतो.

उलटेही घडते. खूप जवळ उभे राहिले की ही फट उघडायच्या आत वार डोक्यावर, आणि शिक्षकांना वाटते मुलगा मंद आहे. मूळ दोष तिथे पायांचा.

मग ओळखायचे कसे? उकेला तोच वार अगदी हळू करायला सांगा. हळू केल्यावर सगळे सुरळीत बसले, तर देआई चुकत होती. हळू करूनही कोपर अवघडत असेल किंवा पोचायला वाकावे लागत असेल, तर माआई.

आणखी एक अडचण सरावातच आहे. मनगट घट्ट धरू देऊन केलेल्या सरावात देआईचा प्रश्नच फारसा येत नाही, कारण गाठ आधीच पडलेली असते. जपानमधल्या इवामात आयकिदोचे शिक्षक सायतो मोरिहिरो हा घट्ट पकडीचा पाया आधी पक्का करून घेत, आणि मग 'कि नो नागारे', म्हणजे वाहता सराव. त्यात पकड बसायच्या आतच नागे निघालेला असतो. घट्ट पकडीच्या सरावातच वर्षानुवर्षे रेंगाळलेला माणूस तंत्रात उत्तम असतो, पण खऱ्या वेगाच्या वारापुढे गोंधळतो.

राहता राहिली नजर. जपानीत तिला मेत्सुके म्हणतात, आणि शिकवण अशी की दूरचा डोंगर पाहावा तसे समोरच्याला अख्खे पाहा. उकेच्या हाताकडे टक लावली की वार निघाल्याचे उशिरा कळते. खांदा आणि कंबर त्याआधीच हललेली असतात. म्हणून वार हळू करून पाहिल्यावर देआईच चुकत असल्याचे दिसले, तर पायांची जागा बदलू नका. पुढचे दहा वार त्याच्या छातीच्या आसपास सैल नजर ठेवून घ्या.