स्क्रीन काळी झाली नाही, म्हणून गॉगल नकली ठरत नाही

‘गॉगलमधून मोबाइलकडे बघा. स्क्रीन काळी पडली तर पोलराइज्ड (म्हणजे चकाकी अडवणारा), नाहीतर फसवणूक.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट आहे आणि त्यामुळे चांगला गॉगलही उगाच नकली ठरतो.

बहुतेक मोबाइलच्या स्क्रीनवर पोलरायझर फिल्म असते. तिच्यातून प्रकाश एकाच दिशेने कंप पावत बाहेर पडतो. पोलराइज्ड गॉगलची काच आडवी कंपनं अडवते, उभी सोडते. म्हणजे सगळा खेळ कोनाचा. गॉगल घालून मोबाइल हळूहळू फिरवा: उभा धरल्यावर लख्ख दिसणारी स्क्रीन आडवी होताच (काही मोबाइलमध्ये याच्या उलट) विझल्यासारखी वाटेल. ती बिघडलेली नसते! पण काही मोबाइलमध्ये ही फिल्म ४५ अंशांत बसवलेली असते, काहींत वर आणखी एक थर असतो. अशी स्क्रीन उभी धरा की आडवी, काळी पडत नाही. स्क्रीनगार्डनेही फरक पडतो, कधी इंद्रधनुषी पट्टे दिसतात.

त्यापेक्षा ओल्या रस्त्यावरची चकाकी बघा. गॉगल हातात धरून ९० अंशांत फिरवताना ती कमी-जास्त झाली, तर काच पोलराइज्ड आहे.

अतिनील किरणांपासून संरक्षण मात्र यातून कळत नाही. त्यासाठी ‘यूव्ही ४००’ असं लिहिलंय का, ते वेगळं पाहावं लागतं.