स्प्रिंटचा टास्कबोर्ड

ॲजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम पूर्ण करत जाणाऱ्या सॉफ्टवेअर टीमने एका स्प्रिंटसाठी (ठरावीक मुदतीच्या टप्प्यासाठी) हाती घेतलेले काम कुठवर आले आहे, हे सर्वांना दिसावे म्हणून केलेली फलकावरची मांडणी. फलक भिंतीवरचा असतो, नाहीतर जिरा, अझूर डेव्हऑप्स, ट्रेलो अशा साधनातला. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या आयटी कार्यालयांत तो रोजच्या कामाचा भाग आहे.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 मध्ये स्क्रम, म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करण्याची पद्धत, जाहीरपणे मांडली. ॲजाइल जाहीरनामा फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात 17 जणांच्या बैठकीत तयार झाला. युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवे ते सांगणारी छोटी नोंद, मात्र केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या ॲजाइल पद्धतीतून आली. स्क्रम गाइड या स्क्रमच्या नियमपुस्तिकेत टास्कबोर्डची किंवा युजर स्टोरीची सक्ती नाही. त्यामुळे अमुकच कॉलम हवेत असा नियम कुठेही सापडणार नाही; टीमचे काम खरोखर ज्या टप्प्यांतून जाते, तेच टप्पे बोर्डावर असावेत.

प्रचलित मांडणीत डाव्या टोकाला स्टोरी आणि तिच्या उजवीकडे टू डू, इन प्रोग्रेस, रिव्ह्यू, टेस्टिंग, डन हे कॉलम असतात. प्रत्येक स्टोरीला स्वतःची आडवी ओळ, म्हणजे स्विमलेन, मिळते आणि त्या स्टोरीचे टास्क, म्हणजे तिच्यातली छोटी कामे, त्याच ओळीत उजवीकडे सरकतात. सर्वांत महत्त्वाची स्टोरी सर्वांत वर. काही टीम माणसागणिक ओळी आखतात, ती मात्र घोडचूक आहे. तशा बोर्डावर कोण किती व्यस्त आहे ते कळते, पण ग्राहकाला हवी असलेली गोष्ट कुठे अडली ते कळत नाही. शिवाय आपली ओळ रिकामी दिसू नये म्हणून प्रत्येकजण नवे काम उघडत राहतो.

स्टोरी वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितात. हाउसिंग सोसायटीच्या ॲपचे उदाहरण घेऊ: 'सभासद म्हणून मला मेंटेनन्सची पावती मोबाइलवर हवी, म्हणजे सेक्रेटरींकडे खेटे घालावे लागणार नाहीत.' एवढे वाक्य पुरत नाही. रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये स्टोरीची तीन अंगे सांगितली: कार्ड, त्यावरची चर्चा आणि ती पूर्ण झाल्याची खातरजमा. खातरजमेच्या अटी कार्डाच्या मागे किंवा डिजिटल बोर्डावरच्या तिकिटात लिहितात. पैसे अर्धवट भरले तर पावती किती रकमेची? उशिराचे व्याज वेगळे दाखवायचे का? फ्लॅट भाड्याने दिला असेल तर पावती कोणाच्या नावे? ही उत्तरे स्प्रिंटच्या सुरुवातीच्या प्लॅनिंगमध्ये मिळाली नाहीत, तर ती स्प्रिंटच्या आठव्या दिवशी टेस्टर विचारतो आणि कार्ड मागे फिरते.

या स्टोरीचे टास्क असे पडतील: पावती क्रमांकाची मालिका, पीडीएफ तयार करणे, डाउनलोडचे बटण, जुन्या नोंदींवर चाचणी. पीडीएफचा टास्क वरवर किरकोळ वाटतो. पण वापरलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) देवनागरीची अक्षरजुळणी करत नसेल, तर 'शिंदे'मधली वेलांटी 'श'च्या नंतर छापली जाते आणि 'कुलकर्णी'मधला रफार अक्षरावर न चढता पाय मोडलेला 'र्' दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. अक्षरजुळणी करणारी लायब्ररी लागते आणि त्यात दोन दिवस सहज जातात. म्हणून टास्क अर्ध्या ते एका दिवसाचा असावा. एकच कार्ड तीन स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकांना, जागचे हलले नाही, तर त्यात काहीतरी दडलेले आहे असे समजून ते फोडावे.

चालू कामांवर मर्यादा घालणे हा बोर्डाचा प्राण आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कामांची सरासरी संख्या भागिले पूर्ण होण्याचा वेग. आठवड्याला 4 स्टोरी पूर्ण करणाऱ्या टीमने 12 उघडून ठेवल्या, तर प्रत्येकीला सरासरी 3 आठवडे लागतात, म्हणजे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ती बसतच नाही. 4 उघडल्या तर एक आठवडा. टेस्टिंग कॉलमवर 3 ची मर्यादा असेल आणि तो भरला असेल, तर डेव्हलपरने नवे कार्ड न ओढता टेस्टिंगला हातभार लावायचा. हे पटवणे सर्वांत अवघड जाते, आणि नेमकी इथेच बहुतेक बोर्डांची घसरण होते: मर्यादा चुकवण्यासाठी मध्येच 'डेव्ह डन' (कोड लिहून झाला, टेस्टिंग बाकी) नावाचा कॉलम येतो आणि तिथे कामे साचू लागतात.

स्टँडअप 15 मिनिटांचा. बोर्ड उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचावा: डनच्या जवळ काय आहे आणि ते आज पलीकडे न्यायला काय लागेल? अडलेल्या कार्डावर लाल खूण, अडचण, तारीख आणि ती सोडवणाऱ्याचे नाव हवे. नाव नसलेली लाल खूण तशीच राहते. न्यूयॉर्कच्या ग्राहकासोबत त्यांच्या सकाळी 9 चा स्टँडअप असेल, तर तो पुण्यात उन्हाळी वेळेत संध्याकाळी 6.30 ला आणि हिवाळ्यात 7.30 ला येतो. अशा टीमने पुण्यापुरता छोटा स्टँडअप सकाळी घ्यावा, नाहीतर अडचण दिवसभर बोर्डावर पडून राहते.

बोर्डावर किती काम घ्यायचे ते आधी मोजावे. 7 जणांच्या टीमचे 10 दिवसांच्या स्प्रिंटमध्ये एक दिवस बैठकांना वजा करून, रोज 5 तास प्रत्यक्ष कामाचे धरले तर 315 तास होतात. त्यात गणेश चतुर्थीची सुट्टी आली आणि तिघांनी गावी जायला दोन-दोन दिवस रजा टाकली की उरतात 250. भाद्रपदातल्या स्प्रिंटला आषाढातला आकडा लावला की कामे मागे राहणारच.

भिंतीवरच्या बोर्डाला चार बाय सहा फुटांचा पांढरा फलक आणि तीन इंची चिकटचिठ्ठ्या पुरतात. चिठ्ठी खालून वर न ओढता बाजूने सोलावी. मग ती वळत नाही आणि पावसाळी हवेत, पंख्याखालीही टिकते. टीमचे काही जण घरून काम करत असतील, तर डिजिटल बोर्ड हाच खरा मानावा. दोन बोर्ड ठेवले की महिन्याभरात एक खोटा पडतो.

डन म्हणजे काय ते बोर्डाशेजारीच लिहून ठेवावे: कोड रिव्ह्यू झाला, टेस्ट पास झाल्या, स्टेजिंगवर (ग्राहकांना देण्याआधीच्या चाचणी सर्व्हरवर) चालते आहे, प्रॉडक्ट ओनरने (काय बनवायचे ते ठरवणाऱ्याने) पाहिले. स्प्रिंट संपताना यातले काही बाकी असेल, तर स्टोरी बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, परत जाते आणि उरलेल्या कामाचा अंदाज नव्याने घेतला जातो. स्टोरीच्या आकाराचा अंदाज पॉइंटमध्ये करतात; 8 पॉइंटच्या स्टोरीचे 'जवळपास झाले' म्हणून 5 पॉइंट या स्प्रिंटला जोडू नयेत. तसे केले तर टीमचा वेग फुगलेला दिसतो आणि पुढच्या प्लॅनिंगमध्ये तेवढेच जादा काम अंगावर येते.