ठासणीच्या रायफलीचे चकमकी पुनर्रूपांतर

तांब्याच्या स्फोटक टोपीवर (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या) उडणाऱ्या ठासणीच्या रायफलीला गारेची, म्हणजे पोलादावर गार आपटून ठिणगी पाडणारी, यंत्रणा बसवून ती चकमकीवर आणण्याची क्रिया. ही संज्ञा मुख्यतः अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया किंवा केंटकी नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब रायफलींबाबत वापरतात. मुळात चकमकी असलेली आणि पुढे टोपीवर गेलेली रायफल पूर्ववत केली, तरच ‘पुनर्रूपांतर’ म्हणणे योग्य. मूळचीच टोपीची असेल, तर ते नुसते रूपांतर होय. विक्रेते हा भेद पाळतातच असे नाही.

चकमकी यंत्रणेचे श्रेय सामान्यतः नॉर्मंडीतील मारँ ल बूर्जुआ याला (सु. १६१०–१५) देतात. स्फोटक रसायनाने बार पेटविण्याचे एकस्व (पेटंट) स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतले. टोपीचा जनक मात्र वादग्रस्त आहे. जोशुआ शॉ यांनी १८१४ चा दावा केला, पण त्यांचे अमेरिकी एकस्व १८२२ चे आहे. पॅरिसच्या प्रेला यांचे एकस्व १८१८ चे, तर लंडनमध्ये बंदूक कारागीर एग व मँटन आणि शिकारी-लेखक हॉकर यांची नावे घेतली जातात. एकाच सुमारास अनेकांना ती सुचली असणे अधिक संभवनीय वाटते. टोपीचा फायदा मात्र निर्विवाद होता. इंग्लंडमधील वुलिच येथील १८३४ च्या चाचणीत प्रत्येकी ६,००० बारांपैकी चकमकीचे ९२२ आणि टोपीचे अवघे ३६ बार फुसके गेले.

त्यामुळे जुन्या रायफली टोपीवर नेल्या गेल्या. रंजकाची (बार पेटविणाऱ्या दारूची) वाटी व गार ज्यावर आपटते ते पोलादी झाकण काढीत, घोडा बदलीत आणि नळीचा कान (आग आत नेणारे छिद्र) मोठा करून त्यात आटे पाडून टोपी बसविण्याची नळकांडी घालीत. (तोफांच्या कानात मेखा मारल्याचे उल्लेख आपल्या बखरवाङ्‌मयाच्या वाचकांना परिचित आहेत, तोच हा कान.) पुनर्रूपांतरात नळकांडी काढून तिथे बारीक छिद्राचा आटेदार पोलादी खिळा बसवितात. छिद्र साधारण १.६ मिमी. असते. ते वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीत आणि नळीच्या बुडाच्या खिळ्यापुढे आले पाहिजे. मागे पडल्यास ठिणगी दारूपर्यंत नीट पोचत नाही.

मूळ रूप कोणते, हा संग्राहकांचा खरा वाद. यंत्रणेच्या पाटीवर झाकणाच्या व त्याच्या कमानीच्या स्क्रूंची बुजविलेली भोके दिसली, की ती चकमकी होती असे मानतात. पण जुन्या पाट्या नव्या टोपीच्या रायफलींतही वापरल्या जात. म्हणून नळीची साक्ष अधिक ग्राह्य धरावी: रंजकाच्या वारंवार जळण्याने कानाभोवतीचे लोखंड खाल्लेले असते. अडचण अशी, की नळकांडीसाठी कान वाढविताना नेमका हाच भाग जातो. कारागिराचा काळही पाहावा लागतो. मात्र १८४० नंतरची प्रत्येक चकमकी रायफल संशयास्पद नव्हे. अमेरिकेच्या सरहद्दीवर टोप्या दुर्मिळ, गार मात्र सहज मिळे.

पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळानंतर फक्त चकमकी बंदुकीने हरिणाच्या शिकारीचा हंगाम असतो. त्यामुळे आधुनिक टोपीच्या रायफलींचेही रूपांतर होते. अशा वेळी बहुधा पूर्ण यंत्रणाच बदलतात. काळ्या दारूऐवजी कृत्रिम पर्यायी दारू चकमकीत भरवशाची ठरत नाही, कारण ती पेटण्यास अधिक तापमान लागते.