मेर्सेदेस (व्यक्तिनाम)

मेर्सेदेस : स्पॅनिश भाषेतील मुलींचे नाव. आपल्याकडे ते ‘मर्सिडीज’ या उच्चाराने आणि बहुतेकदा मोटारीपुरतेच माहीत असते. लॅटिन अमेरिकेत ‘मेर्सेदेस’ म्हणतात. स्पेनच्या बऱ्याच भागांत मधला ‘से’ जीभ दातांना लावून ‘थे’सारखा उच्चारतात.

‘मेर्सेद’ म्हणजे कृपा, दया; ‘मेर्सेदेस’ हे त्याचे अनेकवचन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र रोकडा होता : मजुरी, मोबदला. ख्रिस्ती लॅटिनमध्ये त्याला देवाघरच्या मोबदल्याचा आणि पुढे कृपेचा अर्थ आला. इंग्रजीतला ‘मर्सी’ आणि आभार मानताना फ्रेंच माणूस म्हणतो तो ‘मेर्सी’ हे याच घरातले. ‘वुएस्त्रा मेर्सेद’ (आपली कृपा) असे आदराने म्हणता म्हणता शब्द झिजले आणि स्पॅनिशमधले ‘उस्तेद’, म्हणजे आपले ‘आपण’, तयार झाले.

एरवी कोणी मुलीचे नाव अनेकवचनात ठेवणार नाही. पण हे नाव मुळात मुलीचे नव्हेच, ते मेरीमातेच्या बिरुदाचा तुकडा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी नोंद होई ती ‘मारिया दे लास मेर्सेदेस’ (कृपांची मारिया) अशी. रोजच्या हाकेत मारिया गळे आणि शेपूट उरे. दोलोरेस (दुःखे) आणि रेमेदिओस (उपाय) ही नावेही अशीच घडली.

या बिरुदामागचा इतिहास ओलीस आणि खंडणीचा आहे. भूमध्य समुद्रात ख्रिस्ती आणि मुस्लिम दोन्ही बाजूंची जहाजे माणसे पळवून नेत. पकडलेले ख्रिस्ती स्पेनमधल्या मूर (मुस्लिम) राज्यांत आणि उत्तर आफ्रिकेत गुलाम होत. त्यांना पैसे भरून सोडवण्यासाठी पेरे नोलास्क यांनी १२१८ मध्ये बार्सेलोनात याच कृपेच्या मेरीच्या नावाने साधूंचा एक संघ स्थापला. १२३५ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज या साधूंचे चौथे व्रत होते : कैद्याची श्रद्धा डळमळण्याची भीती असेल, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. त्यांची मेरी अंगावर पांढरा झगा आणि हातात बेड्या घेतलेली दाखवतात. म्हणजे लॅटिनमधला ‘मोबदला’ आणि ख्रिस्ती ‘कृपा’ या नावात पुन्हा एकत्र आले, फक्त मोबदला आता माणसाच्या सुटकेचा होता. स्पेनच्या तुरुंगांची आश्रयदात्री आजही हीच मेरी आहे.

तिचा सण २४ सप्टेंबरला असतो. टोळधाडीच्या संकटानंतर बार्सेलोनाने १६८७ मध्ये तिला नगराची रक्षणकर्ती ठरवले. बार्सेलोनाच्या काताला (कॅटलान) भाषेत नाव आणि सण दोन्ही ‘मेर्से’. दहीहंडीची आठवण व्हावी असे माणसांचे मनोरे या उत्सवात चौकात रचले जातात. अर्जेंटिनात तुकुमानची लढाई १८१२ मध्ये नेमकी याच दिवशी जिंकली गेली आणि सेनापती बेलग्रानो यांनी विजयाचे श्रेय देऊन मेरीलाच सैन्याची सेनापती केले. प्रख्यात गायिका मेर्सेदेस सोसा (१९३५–२००९) याच तुकुमानच्या.

स्पेनमध्ये नाव घरोघरी हळवे झाले ते एका राणीमुळे. बाराव्या आल्फोन्सोने जानेवारी १८७८ मध्ये आपल्या मावसबहिणीशी, मेर्सेदेसशी, प्रेमविवाह केला. जूनमध्ये, अठरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ती वारली. मुलींच्या खेळगाण्यात तिला शोधत निघालेला राजा पुढे कित्येक पिढ्या राहिला. राज्याला वारस न दिल्यामुळे तिला राजांच्या दफनगृहात जागा मिळाली नाही. २००० मध्ये तिचे अवशेष माद्रिदच्या आल्मुदेना कॅथेड्रलमध्ये हलवण्यात आले.

मोटारीची गोष्ट त्यामानाने उथळ आहे, पण तिनेच नाव जगभर नेले. ऑस्ट्रियन व्यापारी एमिल येलिनेक यांना स्पॅनिश गोष्टींचे वेड; १८८९ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव आद्रियाना, हाक मात्र मेर्सेदेस. ते डाइम्लर कंपनीच्या मोटारी विकत आणि शर्यतींत हेच टोपणनाव लावत. १९०१ च्या नव्या मोटारीला तेच मिळाले, १९०२ मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. पुढच्या वर्षी बापाने मुलीचे नाव आपल्या आडनावाला कायदेशीर जोडून घेतले. येलिनेक स्वतः व्हिएन्नातल्या नामवंत ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव. मेरीमातेचे बिरुद जगभर मिरवले ते या घराने!

आज स्पेनमध्ये मेर्सेदेस म्हटले की नवजात मुलगी नव्हे, आजीच्या वयाची बाई डोळ्यांसमोर येते. घरात तिला ‘मेर्चे’ म्हणतात, मेक्सिकोत ‘मेचे’, अर्जेंटिनात ‘मेचा’.

याच मेरीचे पोर्तुगीज बिरुद ‘मेर्सेस’. ते गोव्यात पणजीलगतच्या एका गावाला मिळाले. मराठी वर्तमानपत्रांत त्या गावाचे नाव ‘मेरशी’ असे छापून येते.