नामसंकीर्तन आणि रॉक संगीत

नामसंकीर्तन आणि रॉक संगीत : देवाचे नाव टाळ-मृदंगाच्या साथीने समूहाने गाण्याच्या भारतीय भक्तिपरंपरेचा ब्रिटिश व अमेरिकी रॉकवर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पडलेला प्रभाव. या विषयात सर्वांना प्रथम आठवते ती सतार. पण सतार रॉकमध्ये आली रागसंगीतातून. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये मुंबईत राहून पं. रविशंकरांकडे ती शिकला. भक्तिसंगीताने रॉकला दिली ती गाण्याची रीत : एकाने नाम उचलायचे, बाकीच्यांनी झेलायचे आणि तीच ओळ घोळवत लय चढवत न्यायची. भजनाला बसलेल्या मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. मात्र येथे अभिप्रेत आहे ते पूर्वरंग-उत्तररंगाचे मराठी कीर्तन नव्हे, तर बंगालमधील चैतन्य-संप्रदायाचे नामसंकीर्तन. आपल्या शब्दांत, नामाचा गजर.

चैतन्य-संप्रदायातील संन्यासी ए. सी. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांनी हा गजर पश्चिमेत रुजवला. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, पुढच्या वर्षी त्यांनी इस्कॉनची स्थापना केली आणि टॉम्पकिन्स स्क्वेअर या बागेत उघड्यावर ‘हरे कृष्ण’ महामंत्र गायला सुरुवात केली. २९ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये ग्रेटफुल डेड हा रॉक बँड आणि गायिका जॅनिस जॉप्लिन ज्यात गात असे तो बँड यांच्याबरोबर खुद्द प्रभुपाद आणि कवी ॲलन गिन्सबर्ग व्यासपीठावर होते. नाचायला आलेली तरुण मंडळी तेथे मंत्र म्हणू लागली.

१९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांनी गायलेल्या महामंत्राची तबकडी हॅरिसनने बीटल्सच्या ॲपल कंपनीतर्फे काढली. ती ब्रिटिश विक्रीयादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली आणि धोतर-साड्यांतील गायक बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये दिसले.

या प्रभावाचा सर्वांत परिपक्व आविष्कार म्हणजे हॅरिसनचे ‘माय स्वीट लॉर्ड’ (१९७०). गाणे साध्या गिटारने सुरू होते. मागचा कोरस आधी ‘हालेलुया’ म्हणतो. ऐकणाऱ्याच्या कानाला ते सवयीचे झाले की त्याच सुरांवर ‘हरे कृष्ण’ येते आणि पुढे तर ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ हा आपल्या शाळा-शाळांतून म्हटला जाणारा श्लोक. कुठेही सांधा जाणवत नाही. ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे चालीवरून खटला झाला आणि एका जुन्या अमेरिकी गाण्याची चाल नकळत उचलली गेली, असा निकाल १९७६ मध्ये लागला. ते मान्य करूनही, गाणे उभे आहे ते आळवणीवर, हे कोणाही भजन करणाऱ्याला पटेल.

नंतरच्या काळात हा धागा पातळ झाला, तुटला नाही. १९९०च्या दशकात अमेरिकी हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉकप्रकारात शेल्टरसारखे कृष्णभक्त बँड होते. ब्रिटनमधील कुला शेकर या रॉक बँडचे ‘गोविंदा’ (१९९६) हे पूर्णपणे संस्कृत नामावलीवर रचलेले गाणे तेथील पहिल्या दहांत पोहोचले. पुढच्याच वर्षी हॅरिसनने रविशंकरांच्या ‘चँट्स ऑफ इंडिया’ या मंत्रगायनाच्या संग्रहाची निर्मिती केली.

उलट दिशेचा प्रवासही नोंदवायला हवा. १९७० मध्ये हॅरिसनने ब्रह्मसंहिता या कृष्णस्तुतीच्या संस्कृत ग्रंथातील श्लोकांचे ‘गोविंद’ हे गाणे पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केले. यमुना देवी या अमेरिकी भक्त-गायिकेच्या आवाजातील ‘गोविन्दमादिपुरुषं तमहं भजामि’ आजही इस्कॉनच्या मंदिरांत सकाळच्या दर्शनाच्या वेळी लावले जाते.