जाळलेले कागद आणि क्लेअर टोमालिन यांची चरित्रं

इंग्रज चरित्रकार क्लेअर टोमालिन यांनी लिहिलेली चरित्रं ओळीने वाचली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. त्यांच्या नायक-नायिकांच्या आयुष्यात कुणीतरी कधीतरी कागद जाळलेले असतात. कादंबरीकार जेन ऑस्टिनची बरीचशी पत्रं तिच्या सख्ख्या बहिणीने, कॅसँड्राने नष्ट केली. उरली ती जेमतेम १६०. कादंबरीकार थॉमस हार्डीने तर स्वतःचं चरित्र स्वतःच तृतीयपुरुषात लिहून ठेवलं, आपल्या मागे ते दुसऱ्या बायकोच्या नावावर छापून येईल अशी तजवीज केली आणि मूळ कागद जाळून टाकले. चार्ल्स डिकन्सने सप्टेंबर १८६० मध्ये गॅड्स हिलच्या घरामागे वीस वर्षांच्या पत्रव्यवहाराची होळी केली.

इतकी धास्ती कशाची होती? मला तिचं मूळ १७९८ सालात दिसतं. स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारी लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट बाळंतपणानंतर दहा दिवसांत, सप्टेंबर १७९७ मध्ये गेली. पुढच्याच जानेवारीत तिचा नवरा विल्यम गॉडविन याने तिचं चरित्र छापलं आणि लग्नाआधीचं प्रेमप्रकरण, त्यातून झालेली मुलगी, आत्महत्येचे प्रयत्न असं सगळं त्यात सांगून टाकलं. त्याने ते प्रेमापोटी लिहिलं होतं. पण लोकांनी तिला कुलटा ठरवलं आणि स्त्रियांच्या हक्कांबद्दलचे तिचे विचार त्या बदनामीखाली कितीतरी वर्षं गाडले गेले. त्यानंतर राणी व्हिक्टोरियाच्या काळात आलेल्या चरित्रांनी सोज्ज्वळपणाचा मार्ग धरला. घरातली गोष्ट घरातच राहायची, आणि चरित्रकार बहुधा मित्र, मुलगा किंवा जावई असायचा. चरित्रकार लिटन स्ट्रेचीने १९१८ मध्ये या प्रथेवर घाव घातला. मायकल होलरॉइड यांनी १९६७-६८ मध्ये खुद्द स्ट्रेचीचंच चरित्र लिहून त्याचं खासगी आयुष्य उघडपणे मांडलं, तेव्हा ती खऱ्या अर्थाने मोडली.

टोमालिन लिहू लागल्या त्या या टप्प्यावर. जन्म १९३३, लंडन. वडील फ्रेंच, आई इंग्रज संगीतकार. शिक्षण केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात. पुढे प्रकाशनसंस्था आणि साप्ताहिकं. पहिलं पुस्तक १९७४ चं, आणि ते नेमकं मेरी वुलस्टनक्राफ्टवर. स्त्रीमुक्ती चळवळ तेव्हा भरात होती. पुस्तक येण्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, त्यांचे पत्रकार पती निकोलस टोमालिन गोलन टेकड्यांवर अरब-इस्रायल युद्धाचं वार्तांकन करताना मारले गेले. त्यानंतर त्यांनी घर सांभाळत आधी ‘न्यू स्टेट्समन’चं आणि मग ‘संडे टाइम्स’चं साहित्य संपादन केलं. कथालेखिका कॅथरीन मॅन्सफील्डचं चरित्र आलं ते १९८७ मध्ये.

त्यांचं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते १९९० चं, नेली टर्ननवरचं. डिकन्सला ती भेटली १८५७ मध्ये. ती अठरा वर्षांची नटी, तो पंचेचाळीस वर्षांचा, दहा मुलांचा बाप. डिकन्सचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या अधिकृत चरित्राच्या कथनात ती नाही. शेवटी डिकन्सचं मृत्युपत्र जोडलं आहे, आणि त्यात पहिली देणगी तिच्या नावे : हजार पौंड. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टला रेल्वे अपघात झाला, तेव्हा नेली आणि तिची आई डिकन्ससोबत त्याच डब्यात होत्या. हातातल्या कादंबरीच्या शेवटच्या टिपणात तो या अपघाताबद्दल लिहितो, डब्यात परत चढून वाचवलेल्या हस्तलिखिताबद्दल लिहितो. त्या दोघींबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग माग काढायचा कसा? डिकन्सने ट्रिंगहॅम या खोट्या नावाने भरलेल्या घरपट्टीच्या नोंदी इतर अभ्यासकांना आधीच सापडल्या होत्या. डिकन्स दरवर्षी आपली खिशातली रोजनिशी नष्ट करायचा, पण १८६७ ची अमेरिकेत हरवली, म्हणून वाचली. तिच्यातल्या त्रोटक अक्षरांवरून आणि रेल्वे स्टेशनांच्या उल्लेखांवरून तो कोणत्या दिवशी कुठे होता ते जुळवता येतं. टोमालिन यांनी हे सगळं एकत्र आणलं आणि नेलीला डिकन्सची भानगड म्हणून न पाहता नाटकवाल्या घरातली कष्टाळू मुलगी म्हणून उभं केलं. डिकन्सच्या मृत्यूनंतर तिने वय कितीतरी वर्षांनी कमी सांगून एका शिक्षकाशी लग्न केलं. तिच्या मुलाला खरी हकिगत कळली ती तिच्या मृत्यूनंतर.

१९९४ मध्ये त्यांनी डोरा जॉर्डनचं चरित्र लिहिलं. ही नटी, पुढे राजा झालेल्या चौथ्या विल्यमच्या दहा मुलांची आई. शेवटी तिच्या वाट्याला फ्रान्समधलं एकाकी मरण आलं.

सतराव्या शतकातला लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याची गोष्ट मात्र उलटी. त्याने १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ सांकेतिक लघुलिपीत रोजनिशी लिहिली, तिचे सहा खंड बांधून घेतले, ग्रंथसंग्रहासोबत जपले, आणि आज ते केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. लाच, लफडी, मूतखड्याच्या जुन्या शस्त्रक्रियेच्या आठवणी, लंडनची आग, सगळं त्यात आहे. १६६३ च्या नोंदींत आपली मुंबईसुद्धा भेटते : पोर्तुगीज लोक ते बेट इंग्रजांच्या ताब्यात देत नाहीत, आणि ते व आसपासची बेटं मिळून एकच मोठा भूभाग आहे असं इंग्लंडच्या राजाला नकाशा दाखवून पटवलं होतं, अशी दरबारातली कुजबुज. त्याच वर्षाच्या ९ जानेवारीला बायकोने, एलिझाबेथने, आपल्या एकटेपणाबद्दल लिहिलेला कागद त्याला वाचून दाखवला. कुणाच्या हाती पडला तर काय, म्हणून त्याने तो तिच्यासमोर फाडला, सोबत तिचे इतर कागदही. स्वतःचं पान न् पान जपणाऱ्या माणसाने! हे आपल्याला कळतं तेही त्यानेच लिहून ठेवलं म्हणून. तिच्या हातचं काही हाती नसतानाही टोमालिन यांनी २००२ च्या पीप्स-चरित्रात एलिझाबेथला तिची जागा दिली. त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला.

हार्डीचं चरित्र २००६ मध्ये आलं, डिकन्सचं संपूर्ण चरित्र २०११ मध्ये. २०१७ च्या आत्मचरित्रात त्यांनी पहिल्या लग्नातल्या कडू गोष्टीही झाकल्या नाहीत. २०२१ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सच्या तरुणपणावरचं त्यांचं पुस्तक आलं.